फड्या निवडुंग नेमका कोणता? एका वंशाची गुंतागुंत आणि तिचा आपल्या बांधाशी संबंध

काटे नसलेला निवडुंग लावा, दुष्काळात जनावरांना चारा होईल, हे आता सरकारी कार्यक्रमांतून आणि शेतीच्या मेळाव्यांतून वरचेवर ऐकू येतं. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने २०२२ मध्ये पाणलोट विकासाच्या कामात या लागवडीला चालना द्यायचं ठरवलं. भोपाळजवळ अमलाहा इथे इकार्डा या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे त्याचे वेगवेगळे वाण लावून पाहिले जातात. बातमी वाचली की शेतकऱ्याच्या मनात लगेच येतं: हा आपल्या बांधावरचाच फड्या ना? आणि तो असेल, तर ज्याने एकेकाळी माळच्या माळ गिळले, तो मुद्दाम विकत आणून लावायचा?

शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण ‘फड्या’ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो ती एक वनस्पती नाही. त्या अनेक आहेत, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या आहेत, आणि त्यांतली कोणती आपल्यासमोर आहे यावर पुढचं सगळं ठरतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या एका वंशाच्या नावांवरून पावणेतीनशे वर्षं घातलेला वाद म्हणूनच मला कोरडा वाटत नाही. त्या वादातल्या चुका शेतांनी आणि माणसांनी भोगल्या आहेत.

आधी खरा निवडुंग ओळखू

बांधावर उभा असलेला त्रिधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक येतो. शेराच्या कुंपणाचंही तसंच. या दोन्ही वनस्पती युफोर्बिया वंशातल्या, म्हणजे एरंडाच्या कुळातल्या. निवडुंगाच्या कुळाशी त्यांचं नातं नाही. कोरड्या हवेत तग धरायची तशीच युक्ती त्यांनी स्वतंत्रपणे साधली, एवढंच.

फड्याची फडी कापली तर पांढरा चीक येत नाही, बुळबुळीत रस येतो. फडीवर ठरावीक अंतरावर बारीक उशीसारखे ठिपके दिसतात. काटे, फुलं, नवी फडी, सगळं या ठिपक्यांतूनच निघतं. हे ठिपके म्हणजे कॅक्टस कुळाची खूण. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत. अपवाद एकच: ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा नावाची, झाडांवर लोंबणारी, बिनकाट्यांची एक नाजूक जात आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही निसर्गतः सापडते. भारतात मात्र जमिनीवर जो जो खरा कॅक्टस दिसतो तो माणसाने आणलेला, किंवा माणसाने आणलेल्याची संतती.

दोन शब्द इथेच स्पष्ट करून ठेवतो. जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाला ‘वंश’ म्हणायचं आणि त्या गटातल्या एकेका घटकाला ‘जाती’. फड्याचा वंश ओपन्शिया. त्याच्या जाती किती, हे कोणाला विचारता त्यावर अवलंबून आहे. साधारण दीडशे ते दोनशे म्हणायला हरकत नाही.

ओपन्शियाची आणखी एक खूण सांगायलाच हवी, कारण लहानपणी निवडुंगाची लाल बोंडं काढणाऱ्या प्रत्येकाने ती बोटांवर घेतलेली असते. मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसासारखी बारीक कुसळं असतात. त्यांना उलटे दाते असतात, म्हणून ती कातडीत शिरली की निघता निघत नाहीत. ही कुसळं फक्त ओपन्शिया आणि त्याच्या निकटच्या वंशांत आढळतात. ज्याला आपण काटेविरहित वाण म्हणतो त्याचे मोठे काटे गेलेले असतात, कुसळं थोडीफार राहतातच. हाताळताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

सीमा किती वेळा हलल्या

कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा सगळे निवडुंग एकाच ‘कॅक्टस’ वंशात घातले. जाती जेमतेम बावीस. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या फिलिप मिलरने चपट्या फड्यांचे निवडुंग वेगळे काढून त्यांना ओपन्शिया हे जुनं नाव परत दिलं. अमेरिकेतून नवनवे नमुने येत गेले तशी या वंशाची भरती होत राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॅथनिएल ब्रिटन आणि जोसेफ रोझ यांनी सगळ्या कॅक्टस कुळाचा चार खंडांच्या ग्रंथात आढावा घेतला. त्यांच्या ओपन्शियात चपट्या फड्यांचे, गोल दांड्यांचे, जमिनीलगत उशीसारखे पसरणारे, असे सगळे एकत्र होते.

पुढे ते फुटत गेले. गोल दांड्यांचे उत्तर अमेरिकी निवडुंग सिलिंड्रोपन्शिया झाले, अँडीज पर्वतातले ऑस्ट्रोसिलिंड्रोपन्शिया झाले, कॅरिबियन बेटांवरचे झाडासारखे वाढणारे कन्सोलिया झाले. उलट नोपालिया हा स्वतंत्र मानलेला वंश डीएनएच्या तपासणीनंतर परत ओपन्शियातच आला. त्याची फुलं गुंजपक्ष्यांना (हमिंगबर्ड) आकर्षित करण्यासाठी बदललेली होती, म्हणून तो वेगळा दिसत होता. आतून तो घरचाच निघाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नावं बदलल्याने झाड बदलतं का? २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, म्हणून डहाणूची जमीन हलली नाही, कागद बदलले. पण जिल्हा सोयीसाठी पाडतात, वंशाची सीमा नात्यावर आखायची असते. नातं चुकलं की त्यावरून काढलेले अंदाजही चुकतात. कोणती कीड कोणावर पडेल, कोणाचा कोणाशी संकर होईल, कोणता गुण कोणात सापडण्याची शक्यता आहे, हे सारे अंदाज नात्यावरच बेतलेले असतात. त्याचे दाखले पुढे येतीलच.

डीएनए पाहून एकदाचं ठरवून का टाकत नाहीत?

पाहिलं आहे, आणि चित्र अधिक खरं झालं. सोपं झालं नाही.

पहिली अडचण म्हणजे रूपाचा भरवसा नाही. एकच फड्या सावलीत लांबोडका आणि कमी काट्यांचा होतो, कडक उन्हात बुटका आणि काटेरी. दुसरी अडचण संग्रहाची. वनस्पती ओळखायला वाळवलेले नमुने लागतात. पाण्याने भरलेली, काट्यांची फडी कागदात दाबून वाळवणं हे इतकं जिकिरीचं काम आहे की गवतं आणि वेली हौसेने गोळा करणारे अभ्यासकही निवडुंगाला वळसा घालून गेले. अनेक जुन्या जातींची वर्णनं त्रोटक आहेत, काहींचे मूळ नमुनेच नाहीत.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि मला सगळ्यांत रंजक वाटणारी. ओपन्शियाच्या जाती एकमेकींत सहज संकर करतात. या वंशात गुणसूत्रांचा मूळ संच ११ चा आहे. साध्या जातीत दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रं असतात. पण संकर होताना संच साठत जातात, त्यामुळे ४४, ६६, अगदी ८८ गुणसूत्रांच्याही जाती आहेत. चाऱ्यासाठी आणि फळासाठी जगभर लावला जाणारा ओपन्शिया फायकस-इंडिका हा बहुतांशी ८८ वाला. संकराने तयार झालेलं झाड एरवी वांझ राहून संपलं असतं. फड्याचं तसं नाही. एक फडी तुटून पडली की मूळ धरते, आणि संकराचं झाड बीज न धरताही डोंगरभर पसरतं. मग त्याला नवी जाती म्हणायचं की दोन जातींचं लेकरू? २०१२ मध्ये लुकास मॅज्योर आणि सहकाऱ्यांनी या वंशाचा डीएनएवर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फांद्या फुटत जाणारा सरळ वंशवृक्ष हाती आला नाही. फुटलेल्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळालेल्या दिसल्या.

मूळ घर कुठलं?

निवडुंग म्हटलं की मेक्सिको आठवतो. ते स्वाभाविकच आहे. ओपन्शियाची सर्वाधिक विविधता तिथेच आहे, आणि त्या देशाच्या राष्ट्रचिन्हात गरुड बसलेला आहे तो फड्या निवडुंगावरच. मॅज्योर यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र वेगळा निघाला: आजच्या अर्थाने ओपन्शिया म्हणतो तो वंश दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात सुमारे ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी उगम पावला. तिथून उत्तरेकडे गेला, आणि मेक्सिको व अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याला फाटे फुटत गेले. जिथे आज सर्वांत जास्त जाती आहेत तेच जन्मस्थान असतं असं नाही, हे या वंशाने छान दाखवलं.

आज त्याचा नैसर्गिक पसारा पाहिला तर थक्क व्हायला होतं. उत्तरेकडे ओपन्शिया फ्रॅजिलिस ही ठेंगणी जात कॅनडात पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत जाते. हिवाळ्यात तिच्या फड्या पाणी कमी करून सुरकुततात आणि बर्फाखाली तग धरतात. ‘निवडुंग म्हणजे वाळवंट’ हे समीकरण तिथे मोडतं. पूर्वेला ओपन्शिया ह्युमिफ्युसा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याच्या वाळूत आणि कॅनडात ईरी सरोवराच्या काठीही आहे. पश्चिमेला समुद्रात गॅलापगोस बेटांवर फड्याचे चक्क वृक्ष झाले आहेत, लालसर सालीच्या खोडाचे, काही दहा मीटरहून उंच. तिथली महाकाय कासवं आणि जमिनीवरचे इग्वाना त्यांच्या फड्या-फळांवर जगतात. खाली दक्षिणेत वंश अर्जेंटिनापर्यंत पसरला आहे.

पण सगळा वंश सगळीकडे नाही. एकेका जातीचं घर ठरलेलं असतं, आणि आपल्या इतिहासाचा धागा नेमका इथे जुळतो.

आपल्याकडचे तीन पाहुणे

भारतात रानटी होऊन पसरलेल्या फड्यांत तीन जाती ठळक आहेत. ओपन्शिया मोनाकँथा मूळची ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातली. ओपन्शिया डिलेनी, जिला आता बरेच अभ्यासक ओपन्शिया स्ट्रिक्टाचाच प्रकार मानतात, ती कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यांची. ओपन्शिया इलॅटिओर ही पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएला या भागातली. पश्चिम भारतात बांधावर दिसणारा, गर्द लाल बोंडांचा फड्या बऱ्याचदा हीच असते. तिन्ही युरोपीय जहाजांच्या वाहतुकीतून आल्या, कुंपणाला लावल्या गेल्या आणि सुटल्या. गावकऱ्याला तिन्ही फड्याच. यात त्याचा काही दोष नाही, त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही त्या नीट वेगळ्या करता येत नव्हत्या.

ईस्ट इंडिया कंपनीला हवा होता लाल रंग. मेक्सिकोत फड्यावर कोचिनील नावाची पांढऱ्या कापसाळ मेणात लपलेली कीड पाळत आणि ती वाळवून गडद किरमिजी रंग काढत. स्पेनची त्यावर मक्तेदारी होती. मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांनी ही कीड मिळवण्यासाठी अनेक वर्षं खटपट केली. अखेर १७९५ साली कॅप्टन नीलसन रिओ दी जानेरोहून निवडुंगासकट कीड घेऊन कलकत्त्याला उतरला. सगळ्यांना वाटलं, हीच ती रंगाची कीड.

ती नव्हती. तिच्याच वंशातली, पण ब्राझीलची रानटी जात होती ती. आज तिला डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. रंग हलका निघाला, धंदा बसला नाही. पण ती ज्या प्रदेशातून आली होती तिथल्याच मोनाकँथावर ती तुटून पडली, आणि भारतात या जातीची बेटंच्या बेटं सुकवली. डिलेनीला आणि इलॅटिओरला तिने जवळपास हात लावला नाही. माणसाला जो फरक डोळ्यांनी दिसत नव्हता तो किडीला अचूक कळला. तण आटोक्यात आणण्यासाठी कीड वापरण्याचं जगातलं पहिलं मोठं उदाहरण म्हणून हीच घटना सांगतात, आणि ती घडली दोन चुकीच्या ओळखींतून.

उरलेले दोन फड्या शंभर वर्षं माजतच राहिले. १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी कोचिनील, डॅक्टिलोपियस ओपन्शिए, दक्षिण भारतात आणली गेली. ही मूळची उत्तर अमेरिकी. तिने काही वर्षांतच डिलेनीची हजारो हेक्टर रानं मोकळी केली, इलॅटिओरलाही धक्का दिला. निवडुंगाने गाव वेढलं होतं आणि मग तो आपोआप नाहीसा झाला असं म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायला मिळतं. त्या ‘आपोआप’मागे ही कीड आहे. आजही रानात फडीवर पांढरे कापसाळ पुंजके दिसले तर काडीने एखादा चिरडून पाहा, रक्तासारखा लाल रंग येतो.

शतकानुशतकं इथे आहे, मग देशीच म्हणा ना?

हा आक्षेप भावनेचा नाही, त्यात तथ्य आहे. मिरची, बटाटा, पेरू हेही अमेरिकेचेच, आणि त्यांना आपण आपलं मानलं. फड्याची फुलं मधमाश्यांना उपयोगी पडतात, बोंडं पाखरं खातात, कुंपणात मुंगसं आणि सरडे राहतात. तरीही मूळ ठिकाण विसरून चालत नाही, कारण एखादी वनस्पती किती पसरेल हे बरंचसं यावर ठरतं की तिला खाणारे तिच्यासोबत आलेत की मागे राहिलेत.

ऑस्ट्रेलियाने हे सर्वांत महागात शिकून घेतलं. तिथे ओपन्शिया स्ट्रिक्टाने १९२५ पर्यंत सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३.१ कोटी हेक्टर आहे, यावरून आवाका ध्यानात यावा. लोक घरं सोडून गेले. त्या वर्षी अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली. त्याच्या नारिंगी, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या फडी आतून पोखरतात. सात-आठ वर्षांत बहुतेक निवडुंग कोसळला. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावाने आपल्या सभागृहाला या पतंगाचं नाव दिलं.

इथे एक गोष्ट चुकवू नका. पतंग अर्जेंटिनाचा, स्ट्रिक्टा मेक्सिकोच्या आखाताची. निसर्गात त्यांची कधी गाठच पडली नव्हती, म्हणून त्या झाडाला त्याच्याविरुद्ध बचाव नव्हता. आणि अळी मात्र वंशाची नाती ओळखून होती: चपट्या फड्यांचा ओपन्शिया तिला चालतो, गोल दांड्यांच्या दूरच्या नातलगांकडे ती फारशी वळत नाही.

म्हणजे हा पतंग गुणीच ना? ऑस्ट्रेलियात, हो. पण १९५७ मध्ये तो कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडला, आणि तिथला ओपन्शिया तर मूळचाच. बेटामागून बेट ओलांडत तो १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथे मुळातच मोजके उरलेले दुर्मीळ निवडुंग त्याच्या तावडीत आले. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर आढळला. जिथे कोवळ्या फड्यांची भाजी रोजच्या जेवणात असते, त्या देशाचा थरकाप उडाला नसता तरच नवल. झाडं कापून, सापळे लावून मेक्सिकोने २००९ पर्यंत त्या बेटांवरून त्याला हुसकावून लावलं. एकच अळी नैसर्गिक पसाऱ्याच्या सीमेबाहेर उपकारक आणि सीमेच्या आत घातक ठरली.

काटेविरहित वाणही असाच माजेल का?

चाऱ्याचा फायकस-इंडिका हा मध्य मेक्सिकोत माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून घडवलेला आहे. काटे कमी, फडी मोठी. काटे नसल्याने गुरं-शेळ्या त्याला सहज खातात, त्यामुळे चराऊ रानात तो सहसा सुटत नाही. फडीपासून लावलेलं झाड आईसारखंच निपजतं. बियांपासून उगवलेल्या रोपांत मात्र काटे परत येऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात याच जातीच्या काटेरी संततीने लाखो हेक्टर जमीन व्यापली होती. म्हणून लागवड सांभाळून करावी: फळं वेळेवर काढावीत, ओढ्याकाठी लावू नये, छाटलेल्या फड्या उकिरड्यावर फेकू नयेत.

चारा म्हणून अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. फडीत सुमारे नव्वद टक्के पाणीच असतं आणि प्रथिनं कमी. उन्हाळ्यात जनावराची तहान ती बरीचशी भागवते, हा मोठाच फायदा. पण नुसती फडी खाऊ घातली तर शेण पातळ होतं. कडबा आणि पेंडीबरोबर मिसळूनच द्यायला हवी.

आणि १९२६ ची कीड?

या प्रश्नाबद्दल चाऱ्याच्या मेळाव्यांत अधिक बोललं जायला हवं. डॅक्टिलोपियस ओपन्शिए आपल्या देशात आहेच. मोरोक्कोत ती २०१४ मध्ये शिरली आणि फायकस-इंडिकाची विस्तीर्ण लागवड उद्ध्वस्त झाली. लोकांचा चारा, फळांचं उत्पन्न, कुंपणं, सगळं गेलं. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या चारा-निवडुंगावरही तिने असाच घाला घातला. या किडीतही उपप्रकार आहेत: दक्षिण आफ्रिकेत एक प्रकार फायकस-इंडिकावर वाढतो, दुसरा स्ट्रिक्टावर, आणि एकाचं दुसऱ्यावर फारसं भागत नाही. तेव्हा ‘कीड आहे म्हणून लावूच नका’ असं म्हणणं जितकं घाईचं, तितकंच ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणून निर्धास्त राहणंही.

ब्राझीलने यातून काढलेली वाट वर्गीकरणातूनच गेली. तिथल्या पीडित भागात ‘जिगांती’ हा फायकस-इंडिकाचा वाण किडीला बळी पडला. ‘मिउदा’ मात्र टिकला. तो त्या नोपालियातला, जो डीएनएने ओपन्शियात परत आणला. मेक्सिकोतून नेलेला ‘ओरेल्या दी एलेफांती’ हा स्ट्रिक्टाच्या गोतातला वाणही टिकला. आता तिथे लागवडीसाठी हे दोन वाण सुचवतात. पण स्ट्रिक्टाच्या गोतातला वाण आपल्याकडे आणताना वेगळा विचार लागेल, कारण आपल्याकडची कीड त्याच गोतावर सोडलेली आहे.

त्यामुळे फड्या विकत घेताना नुसता ‘काटेविरहित निवडुंग’ एवढ्यावर समाधान मानू नका. जाती कोणती आणि वाण कोणता, मातृवृक्ष कुठले, कोचिनीलवर त्याची इथे चाचणी झाली आहे का, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. फडीच्या दोन्ही बाजू पाहा. पांढरा कापसाळ पुंजका एक जरी दिसला तरी ती फडी शेतात नेऊ नका. पहिल्या वर्षी दोन-तीन वाण थोडे थोडे, एकमेकांपासून लांब लावा, आणि बांधावरच्या जुन्या फड्यावरही नजर ठेवा. कीड आधी तिथेच दिसण्याची शक्यता जास्त.